पाणी आटलं की दाणा धरतो

बॉयलर पेटवण्याच्या पूजेला यजमान अनवाणी बसतात. कृष्णाकाठच्या त्या साखर कारखान्यात हा रिवाज फार जुना होता. ऊस तोडायला यंत्रं आली, निम्म्या रसापासून विमानांचं इंधन होऊ लागलं, पावसाळा लांबत लांबत दिवाळीपलीकडे गेला आणि त्याबरोबर गळीत हंगामही. तरी पहिल्या आहुतीला जोडप्यांनी अनवाणी बसायचं, हे काही बदललं नाही. त्या वर्षी हा मान मुख्य रसायनतज्ज्ञ जयसिंगराव खराडे आणि त्यांच्या पत्नी हेमलता यांना मिळाला होता.

आहुती पडली आणि खराड्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात तापलेली सळई शिरल्यासारखं झालं.

"अहो, काय झालं?" हेमलताने दबक्या आवाजात विचारलं.

"निखारा उडाला वाटतं."

तिने वाकून पाहिलं. निखारा नव्हता. अंगठा टोमॅटोसारखा लाल आणि तुकतुकीत झाला होता, आणि सोवळ्याचा काठ नुसता घासला तरी खराड्यांचे दात आवळले जात होते. पुढचे मंत्र त्यांनी कसे ऐकले, त्यांचं त्यांनाच माहीत. उठताना हेमलताने त्यांचा दंड धरला. लोकांना ते पाहून बरं वाटलं. दोन वर्षांपूर्वी शर्वरी, त्यांची एकुलती एक मुलगी, सतराव्या वर्षी गेल्यापासून हेमलता कारखान्याच्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती, आणि या दोघांना एकमेकांना धरून चालताना कोणी पाहिलं नव्हतं.

मिरजेच्या डॉक्टर मुजावरांनी अंगठ्याकडे एकदाच पाहिलं.

"गाऊट. आपले लोक म्हणतात, युरिक ॲसिड वाढलं. वय काय तुमचं?"

"बावन्न."

"अगदी वेळेवर आला."

मुजावर समजावून सांगण्यात रमणारे गृहस्थ होते. आपल्या पेशी रोज मोडतात आणि नव्या घडतात. त्या मोडतोडीतून, आणि मटण, सुकट, कडधान्यं अशा खाण्यातून, युरिक आम्ल तयार होतं. मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. टाकण्यापेक्षा बनणं जास्त झालं, की रक्तात ते विरघळून राहू शकत नाही आणि त्याचे सुईसारखे स्फटिक बनतात. ते बहुधा पायाच्या अंगठ्यात बनतात, कारण शरीराचा तो सगळ्यांत थंड कोपरा. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या सुयांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडतात. दुखतं ती ही लढाई.

"म्हणजे माझ्या अंगठ्यात दाणा धरला," खराडे म्हणाले.

मुजावर हसले. "तुम्हाला काय शिकवायचं!"

खराड्यांचं अर्धं आयुष्य पॅनसमोर गेलं होतं. पॅन म्हणजे उसाचा पाक निर्वात करून उकळायची प्रचंड हंडी. त्या पाकात साखर इतकी दाटते, की तिला विरघळून राहायला जागा पुरत नाही, आणि मग एका क्षणी पाकात दाणा धरतो. आता हे काम यंत्रंच करत. तरीही खराडे काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडाकडे धरत आणि दाण्याची धार स्वतःच्या डोळ्यांनी पाहत. तंत्रनिकेतनातून येणाऱ्या नव्या मुलांना त्यांचा पहिला धडा ठरलेला असे : दाणा धरायला वाटा दोन. एक तर पाकात साखर घाला, नाही तर पाकातलं पाणी काढून घ्या.

युरिक आम्ल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळीने त्यांच्या अंगावर पुरळ उठलं, म्हणून ती बंद करावी लागली. राहिलं पथ्य. पण कशाचं? एकाला सुकटीने त्रास होतो, दुसऱ्याला मसुरीने, तिसऱ्याला गोड सरबताने. ते शोधायला मुजावरांनी त्यांना ते वलय दिलं.

वलय पायाच्या दुसऱ्या बोटात बसायचं. त्यातून अतिशय क्षीण प्रकाश कातडीखालच्या रक्तात जाई. प्रत्येक द्रव्य प्रकाश परतवताना त्याच्या रंगात किंचित फेर करतं, ज्याचा त्याचा वेगळा. त्या फेरावरून रक्तात युरिक आम्ल किती, हे वलयाला क्षणाक्षणाला कळे. जेवणाच्या टेबलावर एक छोटा कॅमेरा लावायचा, त्याने ताटातलं अन्न ओळखायचं. दोन्हींचा मेळ घालून कोणत्या घासानंतर रेषा चढते, ते यंत्राने सांगायचं. एखाद्या दिवशी कॅमेऱ्याला ताट दिसलं नाही, तर जेवण बाहेर झालं असं धरून यंत्र तिथे नेहमीच्या आहाराची सरासरी भरी.

कारखान्यात एका दिवसात बातमी पसरली.

"साहेबांनी जोडवी घातली म्हणे," प्रयोगशाळेतले कोळेकर म्हणाले. "आता उखाणा घ्यायला लागणार."

"अंगठा बरा होऊ दे कोळेकर, मग घेतो. तुमच्या नावानं घेतो."

घरीही त्याला जोडवंच म्हणू लागले. हेमलताने ते पाहिलं तेव्हा तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. "माझी बोटं सव्वीस वर्षं कशी बांधलीत ते कळेल आता," ती म्हणाली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी झालेला तो पहिला विनोद.

पहिलं गेलं ते रविवारचं मटण.

खराड्यांच्या घरी रविवारी तांबडा रस्सा होई. शर्वरी असताना ती स्वयंपाकघराच्या दारात तळहात पुढे करून उभी राही, हेमलता त्यावर पळीभर रस्सा ओती, आणि फुंकर मारत, नाचत, चाटून झालं की मिठाचा निकाल लागे. ती गेल्यावर हेमलताने रस्सा सोडला नाही. फक्त चव बघणं सोडलं. ती अंदाजाने मीठ घाली आणि पहिली वाटी खराड्यांपुढे ठेवी. खराडे घोट घेत. "बरोबर आहे," म्हणत. कधी "किंचित हवं" म्हणत. आठवड्यात दोघांमध्ये एवढंच बोलणं असं होई, की ज्यात शर्वरी असायची, आणि तिचं नाव घ्यावं लागत नसे.

मटण बंद झालं आणि ते बोलणंही बंद झालं.

पुढच्या महिन्यात अंगठा पुन्हा पेटला. खराडे हटणारे नव्हते. कारखान्यात एखादा दोष शोधावा, तसा त्यांनी एकेक पदार्थ वगळायला घेतला : आधी सुकट, मग मसूर, मग मटकी आणि पावटा. मुजावरांनी सांगितलं, की फळसाखरेच्या मोडतोडीतूनही हेच आम्ल बनतं. तेव्हा काकवी गेली, गूळ गेला, आणि साखर कारखान्याच्या मुख्य रसायनतज्ज्ञाच्या घरी चहा बिनसाखरेचा झाला. झटका आला, की खराडे मागच्या ताटांची चित्रं पडद्यावर लावून बसत. कोणता ना कोणता संशयित सापडेच. झटकाही शिस्तीने येत नसे; कधी लगेच, कधी चार दिवस उलटल्यावर, एखाद्या महिन्यात नुसतीच सूज. त्यामुळे संशय दर वेळी वेगळ्या वाटीवर जाई.

हेमलता त्या कॅमेऱ्याखाली वाढत असे. आधी ती सरळ वाढायची. मग वाटी ठेवून वर बघू लागली, परीक्षकाकडे बघावं तशी. एकदा खराड्यांनी विचारलं, "आमटीला डाळ तूरच ना? थोडी मसूर पडली नाही?"

"पडली नाही."

"डब्याला लागलेली असेल."

"डबे घासून घेतलेत मी." ती थांबली. "माझ्या हाताला काय झालंय, तेच कळेना. काहीही करून वाढलं, की तुम्हाला बाधतंय."

"तसं कोण म्हणतंय?"

"म्हणायला कशाला पाहिजे? बघायला डोळा बसवलाय की वर."

खराड्यांनी आमटीची वाटी कॅमेऱ्याखाली नीट सरकवली. त्यांना वाटलं, पद्धत बरोबर आहे, आणि पद्धत बरोबर असली, की माणसाला थोडा त्रास होणारच. पुढच्या रविवारी हेमलताने भोपळा उकडला आणि स्वतःचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

मार्चअखेर हंगाम संपता संपता मुजावरांचा फोन आला. वलयाला नवी प्रणाली आली होती. आता ते रक्तातलं पाणी मोजणार होतं, आणि उपाशी शरीर चरबी जाळू लागल्यावर जी आम्लं तयार होतात, तीही. परतलेल्या प्रकाशाच्या जुन्या सगळ्या नोंदी साठवलेल्याच होत्या. यंत्राने त्यांचं नव्याने वाचन केलं होतं. "वहिनींना घेऊन या," मुजावर म्हणाले. "पथ्याचं बोलायचंय, तर स्वयंपाक करणारं माणूस समोर हवं."

दवाखान्यात त्यांनी पडदा दोघांकडे वळवला. निळी रेषा युरिक आम्लाची. महिनाभर ती सपाट जाई आणि एका ठिकाणी कड्यासारखी उभी राही.

"वहिनी, आधी तुम्हाला सांगतो," मुजावर म्हणाले. "तुमच्या स्वयंपाकात काही दोष नाही. मटणानं रेषा जरा हलते, पण झटका येण्याइतकी नाही. साहेबांचा शत्रू ताटात नाहीच."

हेमलताने पदराचं टोक हातात घेतलं.

"मग कुठंय?" तिने विचारलं.

"रिकाम्या ताटात. हे बघा, चढायच्या आधी दर वेळी एक दिवस असा, की पोटात अन्न नाही आणि पाण्याचा थेंब नाही. शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून होणारी आम्लं आणि युरिक आम्ल यांना मूत्रपिंडातून बाहेर पडायला दार एकच. तिथं गर्दी होते आणि युरिक आम्ल आत अडकतं. वरून पाणी आटलेलं. आपलं यंत्र या दिवसांना बाहेरचं जेवण समजत होतं." त्यांनी चष्मा काढला. "रोजे धरता की काय, खराडेसाहेब? आम्हीसुद्धा सूर्य मावळला की पाणी पितो हो."

हेमलताला हसू आलं. "हे आणि उपवास? मी एकादशीला खिचडी केली, की म्हणतात, एवढ्या तुपात देव घसरून पडेल. काहीतरी चूक असेल, डॉक्टर. कुठला वार आहे हा?"

"वार नाही, तारीख आहे. दर महिन्याची एकोणीस."

हेमलताचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं. मग ते हळूहळू उतरलं. शर्वरी एकोणीस तारखेला गेली होती. त्या तारखेला कारखान्यातच जेवलो, असं खराडे दर वेळी सांगत.

खराडे पडद्याकडे पाहत होते. दाणा धरायला वाटा दोन. किती मुलांना त्यांनी हे शिकवलं असेल. आणि स्वतःच्या देहाच्या पॅनपुढे उभं राहून ते सबंध हंगामभर फक्त काय घातलं जातंय, तेवढंच बघत राहिले. पाणी काढून घेणारा हात त्यांचाच होता, आणि ज्या दिवशी काही खाल्लंच नाही त्या दिवसाचा हिशेब खाण्यात धरायचा असतो, हे त्यांच्या मनाने त्यांना सुचू दिलं नव्हतं.

"हे थांबवावं लागेल," मुजावर आता हळू आवाजात बोलत होते. "अंगठा दुखून बरा होतो. पण असेच स्फटिक मूत्रपिंडात धरायला लागलेत. ते दुखत नाही, आणि बरंही होत नाही."

परतताना गाडी स्वतःच चालत होती. पूर्वी निदान रस्त्याकडे बघत बसता यायचं. आता तेही निमित्त उरलं नव्हतं. उसाच्या शेवटच्या ट्रॉल्या मागे पडत गेल्या. अंकलीचा पूल ओलांडल्यावर हेमलता म्हणाली, "पाणी का नाही पीत?"

खराड्यांनी खिडकीची काच खाली केली, मग वर केली.

"तू कपडे आणायला घरी गेली होतीस," ते म्हणाले. "दुपारी. आतड्याला पीळ पडलाय, संध्याकाळी ऑपरेशन, असं ठरलेलं. पलंगाला पाटी लावली होती : तोंडावाटे काही देऊ नये."

"पाटी मी बघितली होती."

"तिला तहान लागली होती. बाबा, पाणी, म्हणाली. मी म्हटलं, ऑपरेशन झालं की. कापूस भिजवून ओठांवरून फिरवला, तर तिनं तो चोखायला बघितलं. मी काढून घेतला." ते थांबले. "चमच्यानं तरी द्या ना, म्हणाली. एकच चमचा. मी म्हटलं, शहाणी ना तू, शुद्धीवर आलीस की आख्खा तांब्या देतो. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा मागितलं नाही."

शर्वरी शुद्धीवर आलीच नव्हती. ते सांगायची गरज नव्हती.



"मी असते तर दिलं असतं," हेमलता म्हणाली.

"माहीत आहे. म्हणूनच तुला सांगितलं नाही."

"एक चमचा पाणी, हो."

"भूल देताना पोटातलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. डॉक्टरांचं बरोबर होतं, हेमा. आज विचारलंस तरी बरोबरच होतं."

"मी डॉक्टरांचं नाही विचारत." तिने तोंड पलीकडे वळवलं. शर्वरी नेमकी अशीच वळली होती. "इतके महिने मी माझ्या हाताला दोष देत बसले. डबे घासले, मीठ बदललं. आणि तुम्ही माझ्याच समोर बसून मटकीचे दाणे तपासत होतात."

 घर आलं, गाडी आपोआप थांबली, दार आपोआप उघडलं. दोघं मात्र पुष्कळ वेळ आतच बसून होती.

त्यानंतरचे दिवस हेमलता कामापुरतं बोलली. तिने कॅमेरा काढून कपाटात ठेवला. मटण केलं नाही. एकदा शर्वरीच्या खोलीत जाऊन ती दुपारभर बसली, आणि बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "कोणत्या भिंतीकडे?"

"खिडकीच्या," खराडे म्हणाले.

"मग बाहेरचं झाड दिसलं असेल तिला."

"हो. दिसलं असेल."

एप्रिलची एकोणीस तारीख आली. हंगाम संपला होता, कारखान्याचा भोंगा शांत होता, आणि सकाळीच ऊन घरात घुसलं होतं. खराड्यांनी मूत्रपिंडांचा विचार केला होता, मुजावरांचाही केला होता. पण तो दिवस सोडून देणं म्हणजे दवाखान्यातल्या त्या खोलीतून उठून निघून जाणं, असं त्यांना वाटे. आणि तिथून ते एकदा उठले होते, शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायला. त्यांनी पायातलं जोडवं काढून डबीत ठेवलं आणि ओसरीवर येऊन बसले.

हेमलता डबी घेऊन आली. हिरव्या काठाचं जुनं लुगडं नेसली होती, केस न्हालेले होते.

"पाय पुढे करा."

"हेमा, मला हे करू दे."

"आमच्या आईचे सोमवार होते. गुडघे गेले, मंदिराच्या पायऱ्या होईनात, तेव्हा ते मी चालवले. ती जाईपर्यंत. धरलेलं व्रत झेपेनासं झालं, की घरातलं दुसरं माणूस घेतं. ते मोडत नाही त्यानं." ती खाली बसली. "आजपासून ही तारीख माझी."

"तुझा काय संबंध? पाणी मी नाकारलं होतं."

"आई मीच होते ना तिची? का तिथंही तुम्हीच?"

तिने त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि वलय दुसऱ्या बोटात सरकवलं. अंगठ्याला धक्का लागू नये म्हणून हात किती हळू ठेवावा, हे तिला नेमकं ठाऊक होतं. लग्नात खराड्यांनी तिच्या बोटात जोडवी घातली तेव्हा त्यांना ते जमलं नव्हतं. बोट सोललं होतं आणि मांडवभर हशा पिकला होता.

"आणि एक," उठताना ती म्हणाली. "तुम्ही पाणी प्यायचं. माझ्यासमोर बसून."

दिवस फार मोठा गेला. वलय थोड्या थोड्या वेळाने पाण्याची आठवण करून देण्यासाठी हलके थरथरे, आणि खराडे माठातून पेला भरून आणत. हेमलता समोर बसलेली असे. माठातलं पाणी थंड होतं, वाळ्याचा वास असलेलं, कोणत्याही तहानलेल्या माणसाला हवं असतं तसं. ते पिताना होणारा घशाचा आवाज त्यांना ऐकू येई, आणि तिलाही येत असणार. दुपारपर्यंत तिचे ओठ कोरडे पडले. जीभ ओठांवरून फिरली की ती पटकन तोंड मिटून घेई. इतके महिने तहान त्यांच्या स्वतःच्या घशात होती, ती सोसता आली होती. आता दुसऱ्याचे सुकणारे ओठ पुन्हा समोर होते, आणि पेला पुन्हा त्यांच्याच हातात.

चारच्या सुमारास त्यांना राहवेना.

"हेमा, पाणी देऊ?"

"तिनं मागितलं होतं," ती म्हणाली. "मी मागितलेलं नाही. तुम्ही प्या."

ते प्यायले. पाणी पोटात गेलं, रक्तात गेलं; वलयाच्या प्रकाशाने ते मोजलं, आणि फोनवर हिरवी खूण उमटली.

ऊन भिंतीवरून चढत चढत पत्र्यावर गेलं आणि तिथूनही गेलं. कोणीतरी शेजारच्या अंगणात सडा टाकला असावा. ओल्या मातीचा वास आला. हेमलताने खांबाला डोकं टेकलं होतं. तिचे डोळे मिटलेले होते. दिवा लावायची वेळ झाली तरी ती उठली नाही. खराडे काळजीने तिच्याजवळ सरकले.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "पाणी."

ते धडपडत उठले. पेला उचलला.

"पेल्यानं नको," ती म्हणाली. "चमच्यानं द्या."

खराड्यांनी पेला खाली ठेवला. मग आत गेले, तांब्या भरला, फडताळातून चमचा घेतला आणि परत येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसले. पहिला चमचा तिच्या हनुवटीवर सांडला. दुसरा ओठांपर्यंत पोचला. तिने तो गिळला आणि तोंड पुन्हा उघडलं.

एकेक चमचा करत त्यांनी तिला पाणी पाजलं. काळोख झाला तरी कोणी दिवा लावायला उठलं नाही; आख्खा तांब्या रिकामा व्हायचा होता.